कमानीखालची वाळू

माझ्या कार्डावर ‘स्ट्रक्चरल इंजिनिअर’ असं छापलेलं असायचं, पण आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात मला ‘वीटवाल्या वसुधाताई’ म्हणूनच ओळखतात. गणपतीत कुणी नवीन जोडपं भेटलं, की ओळख करून देणारा हमखास सांगतो, “घर घेताय ना? आधी यांना दाखवा. पण जुनं असेल तरच. नव्या घराकडे ताई ढुंकूनही बघत नाहीत.” यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. नवी घरं लाकडाच्या सांगाड्याला पुठ्ठ्यासारखे तक्ते ठोकून उभी करतात. त्यांच्यात बघण्यासारखं असतंच काय?

जुन्या विटांच्या इमारती तपासायच्या, हे माझं काम. घेणारा माणूस सही करण्याआधी मला बोलवायचा. मी दिवसभर ते घर ठोकून, मोजून, ओळंबा लावून बघायची आणि शेवटी लिहून द्यायची, की हे उभं राहील की नाही, आणि राहायचं असेल तर काय करावं लागेल. अठ्ठावीस वर्षं केलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला.

नागपूरला शिकले तेव्हा वीट हा दोन खांबांमधली जागा भरायचा माल होता. सगळा मान सिमेंट-काँक्रीटला. इथे आल्यावर मला नोकरी दिली ती एका छोट्या फर्मच्या म्हाताऱ्या मालकानं. पहिल्याच दिवशी त्यानं मला एका जुन्या भिंतीसमोर उभं केलं आणि नखानं सांधा खरवडायला सांगितलं. चुना भुरभुर खाली पडला. मी घाबरले. तो म्हणाला, असंच असायला हवं. सांधा नेहमी विटेपेक्षा मऊ असावा. भिंत हलते, फुगते, ओल पिते आणि सोडते. तो सगळा त्रास चुन्यानं सोसायचा, म्हणजे वीट टिकते. चुना झिजला की पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा भरायचा. त्यात कुणी सिमेंट भरलं, तर सांधा टणक होतो, ओल आत कोंडते आणि वीट फुटायला लागते. माझ्या सगळ्या धंद्याचं सार एवढंच. लोकांनी प्रेमानं, घर मजबूत व्हावं म्हणून सिमेंट लावायचं आणि मी अठ्ठावीस वर्षं ते काढायला सांगायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ पाहुणे ठेवण्यासाठी जुनं घर घेत होते. त्यांना माझ्याकडून लेखी हवं होतं, की घरात भूत आहे. तसं असलं की लोक लांबून राहायला येतात म्हणे. मी म्हटलं, माझ्या फॉर्मवर वाळवीचा रकाना आहे, भुताचा नाही. तर म्हणाले, मग निदान वाळवीचा तरी रिकामा ठेवा. एका बाईंनी दर्शनी भिंतीला पांढरा ऑइलपेंट मारला होता. दोन हिवाळ्यांत भिंत ओल्या पापडासारखी फुगली. त्या मला विचारत होत्या, की दुसरा रंग लावला तर बसेल का.

आणि एक तबेला. पेनसिल्व्हेनियात होता. भिंतीला पोट आलं होतं, हे मला दिसलं होतं. पण मालक भला माणूस, हिवाळा तोंडावर आलेला, घोडे हलवायला दुसरी जागा नव्हती. मला त्याची कीव आली आणि मी लिहिलं, ‘लक्ष ठेवावे.’ तिसऱ्या आठवड्यात भिंत बसली. आत दोन घोडे होते. त्यानं स्वतः फोन करून मला कळवलं, एक शब्दही लागेल असा बोलला नाही. त्यानंतर ‘लक्ष ठेवावे’ हे दोन शब्द मी कधीही लिहिले नाहीत. हे इथे सांगते आहे, कारण पुढे जे घडलं त्यात मी इतकी घाई का केली, ते यावरून कळेल.

केतकी आणि अमेय मंडळातलेच. पुण्याचे दोघं, जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. दोघांचंही काम घरून चालणारं. अमेयनं फोनवर सांगितलं, “मावशी, लिफ्टची वाट बघून कंटाळा आलाय यार. आम्हाला जमिनीवर राहायचंय. एक फार्महाऊस शॉर्टलिस्ट केलंय, ब्रिकचं आहे, एकदम ओल्ड. प्लीज बघून द्या.” फोटो पाठवले, आणि मी नवऱ्याला म्हटलं, उद्याचा डबा तू कर.

न्यू जर्सीच्या दक्षिणेला, डेलावेअर नदीच्या बाजूला, सपाट शेतजमीन आहे. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तिथे इंग्लंडमधून शेतकरी येऊन राहिले. माती चिकण, भट्टीला उत्तम. मग त्यांनी गावाकडे बांधायचे तशीच घरं इथे बांधली. विटांची, दुमजली, अरुंद, दोन्ही टोकांना धुराडी. वीट एकदा लांब बाजूनं लावायची, शेजारची टोकाकडून, पुन्हा लांब, पुन्हा टोक, म्हणजे भिंतीची जाडी एकमेकींत गुंफली जाते. भट्टीत जाळाच्या अगदी जवळ राहिलेल्या विटांच्या टोकांवर निळसर करडी काच चढते. त्या विटा हे लोक वेगळ्या काढून ठेवत आणि घराच्या कडेच्या भिंतीवर त्यांची नक्षी करत. या घराच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत नागमोडी पट्टे होते आणि माथ्याजवळ मूळ नवराबायकोची आद्याक्षरं. नोव्हेंबरातलं उतरतं ऊन त्या काचेवर पडलं होतं. पट्टे हलताहेत असं वाटत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

घर रूथ नावाच्या बाईंचं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. त्याच घरात जन्मलेल्या. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आईबापांचं केलं आणि राहिल्या. त्यांचा भाचा डेव्हिड वीस मैलांवर गावात राहतो, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. घर विकायचं त्यानंच ठरवलं होतं. रूथ यांना जिना झेपेनासा झाला होता. त्या दाराशी आल्या तेव्हा स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, हाताला पीठ. मला म्हणाल्या की घर मोकळेपणी बघा, फक्त तळघरातल्या पूर्वेच्या भिंतीला ठोकू नका. का, ते सांगितलं नाही. मी हसून मान हलवली. प्रत्येक घरात एक तरी अशी भिंत असतेच.

मी वरून सुरुवात केली. माळा ठीक, वासे ठणठणीत. दुसरा मजला ठीक. तळमजल्यावर पूर्वेच्या टोकाला स्वयंपाकघर, तिथे माणूस उभा राहील एवढी मोठी फायरप्लेस. तिच्या बाजूला रूथ यांची आरामखुर्ची, दिवा, रेडिओ आणि एक अरुंद पलंग. जिना नको म्हणून गेली दोन वर्षं त्या तिथेच झोपत होत्या. फायरप्लेसच्या वर, दोन मजले आणि माळा ओलांडून गेलेलं धुराडं. नुसत्या विटांचं, कित्येक टन वजनाचं.

मग तळघर मोजलं आणि आकडे जुळेनात. वरच्या मजल्यापेक्षा तळघर पूर्वेला साडेचार फूट आखूड होतं. मी दोनदा मोजलं. तेवढी जागा त्या न ठोकायच्या भिंतीच्या मागे होती. हे मला नवीन नव्हतं. एवढ्या धुराड्याचं ओझं थेट जमिनीवर न टाकता हे लोक तळघरात एक जाड कमान बांधत आणि तिच्यावर सगळं तोलत. कमानीखालची पोकळी थंड राहते, तिथे सफरचंदं, लोण्याची मडकी ठेवत. इथे कुणीतरी त्या कमानीचं तोंड बंद केलं होतं. वर गुळगुळीत सिमेंटचा गिलावा. मूळ घरातला नव्हे, फार तर सत्तर वर्षांचा.

मी ठोकलं नाही. दिलेला शब्द पाळला. पण मेकॅनिक वापरतात तसा स्टेथोस्कोप माझ्या पिशवीत असतो. तो लावायला हरकत नव्हती.

आधी काही नाही. मग आतून आवाज आला. सुर्र... मध्ये थोडं थांबून पुन्हा सुर्र... आणि पुन्हा थांबणं. झोपलेल्या माणसाचा असतो तितका संथ आणि सारखा. मी कानातून नळ्या काढल्या. तळघरात दिवा होता, वर रूथ यांच्या भांड्यांचा आवाज येत होता, अंगणात अमेय-केतकी कुठल्या झाडाला झोका बांधायचा ते ठरवत होते. पुन्हा नळ्या घातल्या. श्वास चालूच होता.

जिन्यात पाऊल वाजलं. रूथ कठडा धरून तीन पायऱ्या उतरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ऐकलंत तुम्ही. डेव्हिडला हे ऐकू येत नाही.”

मग त्यांनी सांगितलं, ते त्या तिथेच पायरीवर बसून, मुलांना धडा समजावून द्यावा तशा शांतपणे. त्यांची धाकटी बहीण मिरियम. पाचव्या वर्षी पोलिओ झाला. वाचली, पण उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा आधार आला. तो पाय वाकत नसे. इतर मुलं बागडायची तेव्हा मिरियम या कमानीखाली येऊन बसायची. उन्हाळ्यात गार, आणि कुणी पळायला सांगत नाही. डावी मांडी घालून, उजवा पाय सरळ पुढे टाकून. रूथ तिथे तिला पुस्तकं वाचून दाखवायच्या. आठव्या वर्षी, एका हिवाळ्यात, न्यूमोनियानं मिरियम गेली. महिनाभरात वडिलांनी कमानीचं तोंड बांधून टाकलं. बायकोला ती रिकामी जागा बघवत नव्हती, म्हणून. त्यानंतर काही वर्षांनी रूथ यांना पहिल्यांदा आवाज ऐकू आला. आधी क्वचित, मग दर हिवाळ्यात, आणि आता रोज. आता फायरप्लेसपाशी खुर्चीत बसलं तरी ऐकू येतो.

रूथ म्हणाल्या, “मी एकटी राहिले, असं लोकांना वाटतं.”

त्यांचं बोलणं ऐकताना माझ्या डोक्यात दुसराच हिशोब चालला होता, आणि त्याची मला लाजही वाटत होती. आधी क्वचित, मग हिवाळ्यात, आता रोज. सिमेंटनं तोंड बंद केल्यावर जमिनीतली ओल कमानीत कोंडली होती. सत्तर वर्षं ती चुना खात होती. चुना गेला की सांध्यात उरते नुसती वाळू. वाऱ्यानं धुराड्यातून हवा वर ओढली, की भेगेतून थोडी वाळू सुटते. वारा थांबला, की थांबते. सुर्र, आणि थांबणं. आवाज रोज येतो याचा अर्थ वाळू रोज पडते, आणि कमान आता सवयीवर उभी आहे. तिच्यावर धुराडं, आणि धुराड्याच्या पायाशी रूथ यांचा पलंग.

मी त्यांना सांगितलं, की मला एक बोटभर भोक पाडून आत कॅमेरा घालावा लागेल. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, हळू पाडा.

कॅमेऱ्याची तार मी वरच्या दिशेला वळवली. पडद्यावर कमानीचं पोट दिसलं. मधल्या तीन विटा नव्हत्या. चौथी अर्धी बाहेर आलेली, नुसत्या दाबानं अडकलेली.

अमेय आणि केतकीला मी अंगणातच सांगितलं. केतकीनं आधी विचारलं, “मावशी, म्हणजे हे घर कॅन्सल?” मी म्हटलं, घराचं नंतर बघू, आधी बाईंना बाहेर काढायचं. अमेय लगेच आत जाऊन त्यांच्या पलंगावरचं पांघरुण, औषधं गोळा करायला लागला. गुणी मुलगा. डेव्हिडला फोन केला, तो निघाला. फ्रँक नावाच्या गवंड्याला फोन केला; जुन्या चुन्याच्या कामात त्याच्याइतका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तोही टेकू घेऊन निघाला.

रूथ मात्र खुर्चीतून उठेनात.

मी समजावलं. वाळूचं सांगितलं, ओलीचं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकलं, हुशार बाई. मग म्हणाल्या, की विटांचं तुम्ही म्हणता ते खरं असेल, पण तुम्हीही ऐकलंय, आणि ती वाळू आहे असं माझ्या डोळ्यांत बघून सांगा. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं. तुमच्याकरता वाळू.” आणि विणायला घेतलं.

डेव्हिड आला. त्यानं विनवलं, मग चढ्या आवाजात बोलला, मग बाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर वारा वाढला होता. फायरप्लेसमध्ये काहीतरी बारीक टपटपलं. मला तो तबेला दिसला.

मी रूथ यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, “हे धुराडं कोसळलं तर ते सगळं खाली जाईल. कमानीखाली. तिच्यावर पडेल.”

मी यावर विश्वास ठेवत नव्हते. ज्या बाईला पाऊण तासापूर्वी ‘नुसती वाळू आहे’ म्हणून सांगितलं, तिच्या बहिणीला मी आता त्या वाळूत नेऊन बसवलं, कारण तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. रूथ यांनी माझ्याकडे बघितलं. विणकाम गुंडाळून पिशवीत ठेवलं, कोट मागितला, केतकीचा हात धरून उठल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, “तिला काही लागू देऊ नका.”

मी हो म्हटलं.

फ्रँकनं दोन दिवसांत बाहेरून आणि आतून लोखंडी टेकू दिले, धुराड्याचं वजन त्यांच्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिमेंटची भिंत कडेनं, एकेक तुकडा काढत फोडली. माणूस तिरका आत जाईल एवढं तोंड झाल्यावर फ्रँक आणखी एक टेकू आणायला वर गेला. मी टोपी घट्ट केली, बॅटरी घेतली आणि आत वाकले.

आत कोंडलेला, जुना वास होता. खाली वाळूचा ढीग, इतक्या वर्षांचा, जवळजवळ गुडघाभर. वरून एका जागी वाळू पडत राहिली की ढीग कसा होतो, हे कुणालाही ठाऊक आहे. धान्य ओतल्यासारखा, मध्ये टोक, भोवती उतार. या ढिगाला टोक नव्हतं. मध्ये गोल, उथळ खळगा होता. कडा दाबून बसलेल्या. आणि खळग्यातून उजवीकडे पुढे एक सरळ चर गेला होता, दीड-पावणेदोन फुटांचा, बोटभर खोल. डावीकडे तसा नव्हता.

मी तिथे किती वेळ होते, सांगता येत नाही. शोधायचं ते सगळं शोधलं. पडलेल्या तिन्ही विटा भिंतीलगत होत्या. त्यांनी खळगा पडला असता, तर त्या खळग्यात असत्या. उंदीर-घुशीची लेंडी नाही, केस नाहीत, बीळ नाही, आत यायला वाटच नाही. वारा आत फिरून वाळू अशी कोरू शकतो. शकतो, असं मी आजही म्हणेन. पण त्या क्षणी वरून वाळूची एक बारीक धार सुटली, ती खळग्यात पडायला हवी होती त्या जागी पडली नाही. मध्येच कशावर तरी पडून दोन्ही बाजूंना ओघळावी, तशी कडांवर पडली. की मला तसं दिसलं. बॅटरीचा झोत अरुंद होता.

जिन्यावर फ्रँकचे बूट वाजले. मी बाहेर हात घालून त्याचं फावडं ओढलं आणि तो ढीग सपाट केला. तीन-चार हातांत झालं. खळगा गेला, चर गेला. आजवर मी हजारो फोटो काढले, फुटक्या कौलांचे, गंजल्या खिळ्यांचे. याचा नाही काढला. का, ते अनेकदा स्वतःला विचारलंय. फ्रँकनं पाहिलं असतं तर ते खरं झालं असतं, एवढंच उत्तर येतं. फ्रँकनं विचारलं, की मी घाम का पुसते आहे. मी म्हटलं, आत कोंदट आहे.

काम उत्तम झालं. फ्रँकनं कमान नव्यानं बांधली, जुन्याच विटा धुऊन, चुन्यात. तोंड उघडं ठेवायला मी सांगितलं, म्हणजे हवा खेळेल. अमेय-केतकीनं घर घेतलं. घेण्याआधी केतकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, बाकी काही इश्यू नाही ना? म्हणजे, दुसऱ्या टाइपचा?” मी म्हटलं, धुराडं आता शंभर वर्षं हलणार नाही. ती समाधानी झाली. स्वयंपाकघरात आता अमेयचं टेबल असतं, दोन पडद्यांचं. आवाज पूर्ण बंद आहे. मी स्टेथोस्कोप लावून तीनदा खात्री केली आहे. तिसऱ्या वेळी कुणी बोलावलेलं नव्हतं, मी आपण होऊन गेले होते.

डिसेंबरात डेव्हिडच्या घरी रूथ यांना भेटायला गेले. त्यांची खोली उबदार, खिडकीतून रस्ता दिसणारी. त्यांनी माझ्यासाठी सफरचंदाचा केक करवून घेतला होता. कमान कशी झाली, विटा कुठल्या वापरल्या, सगळं विचारलं. मी फोटो दाखवले. कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “आत काही होतं का?”

त्यांनी ते सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते.

मी म्हटलं, “फक्त वाळू.”

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. म्हणाल्या, “तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत.” नंतर त्यांनी मला केकची कृती लिहून दिली. निघताना डेव्हिड म्हणाला की आत्या दिवसभर रेडिओ लावून ठेवते, नाहीतर इथे फार शांत वाटतं म्हणते.

मार्चमध्ये त्या गेल्या. झोपेत.

त्या क्वेकर पंथाच्या होत्या. त्यांच्यात पुरोहित नसतो, मंत्र नाहीत, गाणी नाहीत. एका साध्या विटांच्या सभागृहात सगळे बाकांवर गप्प बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठतो, गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द सांगतो, बसतो. पुन्हा शांतता. मी शेवटच्या बाकावर होते. रूथ यांचा एक विद्यार्थी उठला, तोही सत्तरीचा. एक शेजारीण उठली. मग बराच वेळ कुणीच नाही. इतकी शांतता मी कुठल्याही इमारतीत ऐकलेली नव्हती, आणि शांतता ऐकणं हाच माझा धंदा.

मी उठले. गुडघे वाजले. मी म्हटलं, की मी रूथ यांच्या घराची तपासणी केली होती. त्यांनी मला विचारलं होतं, आत काय होतं, आणि मी त्यांना पूर्ण सांगितलं नाही. वाळूत बसल्याची जागा होती. एक पाय सरळ पुढे ठेवलेला. मी ती मोडून टाकली, कारण मला भीती वाटली.

एवढंच बोलून बसले. कुणी वळून बघितलं नाही. कुणी खाकरलंही नाही. माझ्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. शांतता होती तशीच पुढे चालू राहिली, पंधरा मिनिटं असेल.

शेवटी सगळ्यांनी शेजाऱ्याशी हात मिळवले. त्यांची सभा तशीच संपते. डेव्हिड बाकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, तो रागावेल, किंवा वेडी समजेल. त्याचे डोळे लाल होते. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“हे तिला सांगायला हवं होतंत,” तो म्हणाला.

मी हो म्हटलं. बाहेर लोक गाड्यांकडे निघाले होते, कुणीतरी आमच्यासाठी दार धरून उभं होतं.